एक्सचेंजचा (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) डेटाबेस माउंट (चालू) होत नाहीये, अर्जंट मदत हवी

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमच्या कंपनीत काल पावसात लाइट गेली, यूपीएसनेही दगा दिला आणि सकाळपासून एक्सचेंज २०१६ चा डेटाबेस माउंटच होईना. ईएसईयूटिल (डेटाबेस तपासायचं-दुरुस्त करायचं टूल) स्लॅश एमएच (डेटाबेसची स्थिती दाखवणारा पर्याय) मारलं तर डर्टी शटडाउन, म्हणजे डेटाबेस नीट बंद झाला नाही असं दाखवतंय. बॅकअप रविवारचा आहे. सरळ स्लॅश पी (जबरदस्तीची दुरुस्ती) मारू का?

उत्तर: थांब भाऊ, स्लॅश पी अजिबात नको!! डेटाबेसची जी पानं दुरुस्त होत नाहीत ती ते सरळ टाकून देतं, म्हणजे लोकांचे मेल कायमचे गेले. आधी ईडीबी (डेटाबेसची मुख्य फाइल) आणि सगळ्या लॉग फाइल (बदलांच्या नोंदी) दुसऱ्या डिस्कवर कॉपी कर, मग एमएचच्या रिपोर्टमध्ये लॉग रिक्वायर्डपुढे जे नंबर दिसतात त्या फाइल आहेत का बघ, असतील तर स्लॅश आर (लॉगवरून डेटाबेस सावरणं) पुरतं. जागा करायला लॉग डिलीट करू नकोस, मी तीच चूक केलेली.

उत्तर: आणि लोक ओरडत असतील तर रिकामा डायल टोन (तात्पुरता) डेटाबेस उभा कर, मेल यायला-जायला लागतील. बाहेरून आलेले मेल क्यूमध्ये (पोहोचवायच्या रांगेत) डिफॉल्टने २ दिवसच थांबतात हे लक्षात ठेव.

प्रश्नकर्ता: एक लॉग अँटीव्हायरसने क्वारंटाइन केला (धोकादायक समजून बाजूला टाकला) होता! परत आणला, स्लॅश आर मारलं, क्लीन शटडाउन, माउंट झाला. खूप आभार दादा, आता अँटीव्हायरसमध्ये एक्सक्लुजन (या फाइल तपासू नको अशी सूट) लावतोय.