मदत हवी आहे : सेमी-ऑटो बारा बोअर बंदूक पहाटे अडते, दुपारी चालते

नमस्कार मंडळी. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. वडील फौजी. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर लायसन वारस म्हणून माझ्या नावावर झालं. पूर्वी घरात दुनळी होती, आता गॅसवर चालणारी, पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटो आहे. (गॅस काडतुसाचाच, सिलिंडर लागत नाही, हे घरात समजावून झालंय.)

आचारसंहितेत बंदूक जमा होती. परत आणल्यावर वडिलांनी दुनळीच्या सवयीने सढळ हाताने खोबरेल फिरवलं, चापापासून पुढच्या लाकडापर्यंत. आता थंडीत पहाटे पहिला बार होतो, पण रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर न पडता बंदुकीच्या खिडकीतच (ती बाहेर फेकली जाते त्या फटीत) अडकते आणि दुसरं काडतूस वर येत नाही. दुपारी उन्हात तीच बंदूक सुतासारखी चालते. काडतुसं दोन्ही वेळेला एकाच डब्यातली, शक्तिमान छापाची.

नळीतून चिंधी फिरवून झाली, आत लख्ख आहे. पुढचं लाकूड काढायचं धाडस मात्र झालं नाही. खोबरेलच थिजत असेल का? रॉकेल आमच्याकडे मिळेनासं झालंय, मग धुवायचं कशाने? पेट्रोल वापरू का?

उत्तर, कराडहून :
पेट्रोल नको, भडका उडेल. हार्डवेअरच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, ते वापरा, तेही दार-खिडक्या उघड्या ठेवून, चुलीपासून लांब. लाकडाला लागू देऊ नका. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं, तुमच्याकडची पहाट त्याहून गार. दुनळीत खटका हाताने उघडतो म्हणून खपून गेलं. इथे नळीच्या भोकातून आलेला गॅस पिस्टन मागे ढकलतो, तो चिकटला की बोल्ट (पुंगळी ओढून काढणारा सरकता भाग) अर्ध्यातच थांबतो.

आधी मॅगझिन (काडतुसं साठतात ती जागा) आणि चेंबर (बार होताना काडतूस बसतं ती जागा) रिकामं, डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग पुढच्या लाकडाच्या टोकाची टोपी फिरवून लाकूड काढा, नळी उपसा. पिस्टन आणि कड्या ज्या क्रमाने निघतील त्याचा मोबाइलवर फोटो काढत जा. कडी उलटी बसली की नवाच घोळ. नळीखालची गॅसची भोकं पाइप क्लीनरने साफ करा, ड्रिल अजिबात नको, भोक मोठं झालं तर नळीच वाया. शेवटी शिलाई मशीनचं तेल थेंबभर, फडक्याने पुसून. पिस्टन सरकतो ती ट्यूब जवळजवळ कोरडीच राहू दे.

मूळ प्रश्नकर्ता :
आभार, दादा. काल दुपारी उघडली. एका भोकात काळा खडाच होता, पिस्टनवर मेणासारखा पांढरा थर. आज पहाटे बांधाच्या मातीत तीन बार काढले, तिन्ही पुंगळ्या लांब पडल्या. वडील बघत होते, बोलले काही नाहीत, पण खोबरेलाची बाटली न्हाणीघरात परत गेलीय.

आता एकच विचारतो : पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवली तर गंज धरतो म्हणतात. मग तुम्ही कशात ठेवता?

उत्तर, कराडहून :
कव्हर फक्त प्रवासाला. घरी कुलपाच्या लोखंडी कपाटात उभी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आषाढ-श्रावणात दर आठवड्याला काढून तेलाचं फडकं फिरवा, हाताचा घाम लागतो तिथे आधी.