मदत हवी आहे : रेगेतून पंकमध्ये जाताना लय कशी सांभाळावी?

बेळगावातील आम्ही चौघे, सब्लाइम या अमेरिकन बँडच्या त्याच नावाच्या १९९६ सालच्या अल्बमच्या धाटणीने, म्हणजे रेगे या जमैकन संगीताच्या निवांत चालीत रॉक आणि पंक (रॉकचाच वेगवान, आक्रमक प्रकार) मिसळून, स्वतःची मराठी गाणी बसवत आहोत. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर बास ड्रम वाजवायचा असतो. भजनी ठेक्यात मुरलेल्या आमच्या ड्रमरला समेवर गप्प राहणे जड गेले, परंतु आता ते जमते. खरी अडचण पुढेच आहे : पंकचा भाग सुरू होताच लय धावते आणि रेगेत परतताना गिटारचे ऑफबीट (मुख्य मात्रांच्या मधले) ठोके बास गिटारच्या पुढे निघून जातात. मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्रावर) दोन्ही भाग स्वतंत्रपणे बिनचूक येतात. कार्यक्रमात हेडफोनवर क्लिक ऐकण्याची सोय मात्र आमच्याकडे नाही. अशा स्थितीत मूळ लय तीच ठेवून पंक दुगणीत वाजवावा, की लय खरोखरच बदलावी?