पानभर 'धर'

आज कपाट आवरताना लेकीची तिसरीतली वही सापडली. लिहायचं होतं 'घर', लिहिलंय पानभर 'धर'. खाली लाल शेरा: 'निष्काळजीपणा'. त्या शेऱ्यावर तिने खोडरबर घासघासून कागद फाडलाय. ओरडणाऱ्यांत मीही होते. पुढे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, निघाला, स्पेशल टीचर मिळाल्या, आता ती कॉलेजात आहे. तरी वही हातातून सुटेना. तुमचं काय? लिहा.

चिमणचारा: आधी कान आणि डोळे तपासा. 'लक्षच देत नाही' यात आमचं वर्ष गेलं, निघालं काय तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं.

टिवल्याबावल्या: आयईपीच्या (मुलासाठी शाळेने आखायच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या) मीटिंगला समोर सहा जण, इकडे मी एकटी. उद्दिष्ट काय, तर 'वाचन सुधारेल'. म्हटलं, सुधारलं हे कळणार कसं? मग बदललं: न वाचलेल्या दहा ओळी, पाचाच्या आत चुका, डिसेंबरपर्यंत. बाई चिडल्या. चिडू देत.

अर्धवटराव: संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं कलम २४ शिक्षणाचं आहे. मी प्रिंट नेली होती. कुणी वाचली नाही, पण फाइल जाड दिसली.

रात्रपाळी: लेकाचा रिपोर्ट वाचताना वाटलं हे माझ्यावरच लिहिलंय. दोन पानांना अर्धा तास लागला, यातच आलं सगळं.

सांजवात: आमचे हे अजून मानत नाहीत. म्हणे, "मीही लहानपणी असाच होतो."

रात्रपाळी: अहो, तेच तर सांगतायत! बऱ्याचदा घराण्यातच असतं ते.

सांजवात: सासूबाईंना सांगून बघते 😂

मधली_सुट्टी: रिसोर्स रूमची (शाळेतल्या वेगळ्या खोलीतल्या खास शिकवणीची) वेळ नेमकी खेळाच्या तासाला. लेक म्हणायचा, "गणित येत नाही म्हणून खेळ काढून घेतात." भांडून बदलून घेतली.

पिंपळपान: आमचा ऑटिझमचा. त्याच्या चित्रांच्या वेळापत्रकात शेवटच्या चौकटीत माझा फोटो. दिवसातून दहादा जाऊन हात लावून येतो म्हणे. कोपरा पार मळलाय.

चिमणचारा: पिंपळपान, 🥺

टिवल्याबावल्या: वह्या इतकी वर्षं ठेवता? माझ्याकडे परवाचं बिल सापडत नाही.

(धागाकर्ती) लेकीला त्या पानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "धरी आल्यावर बघते. मुद्दाम लिहिलंय गं, घाबरू नकोस."

पिठलं_गॅसवर: मधली_सुट्टी, वेळ बदलायला अर्ज वर्गशिक्षिकेकडे की थेट मुख्याध्यापकांकडे? आमचा तर चित्रकलेचा तास जातोय.