फिश टँक टीव्ही युनिटवर ठेवला तर चालेल का? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-६०२: नमस्कार सगळ्यांना 🙏 जरा विचारायचं होतं. लेकीचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात, तिला फिश टँक हवाय आणि आम्ही हो म्हणून बसलोय. काल जाऊन ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा बघून आलो. आमचा टीव्ही आता भिंतीवर लावलाय त्यामुळे खालचं ४ फुटी युनिट रिकामंच असतं, त्यावर ठेवला तर चालेल ना? दणकट वाटतंय, मी स्वतः वर बसून बघितलं, काही झालं नाही.

बी-१०२: चालेल की. आमच्या ऑफिसात साध्या टेबलावरच आहे.

बी-३०४: ताई, टीव्ही युनिटवर नका ठेवू, कृपा करून. आधी वजनाचा हिशोब बघा. ३ गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे पावणेसात घनफूट, एका घनफुटात साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी, म्हणजे काठोकाठ १९० लिटर झालं. वर दोन इंच सोडलं आणि वाळूने थोडी जागा घेतली तरी दीडशेच्या वर लिटर राहतातच आणि एक लिटर म्हणजे एक किलो. ८ एमएमची काच धरली तर नुसती रिकामी टाकी ३३ किलोच्या आसपास जाते, खाली दोन इंच वाळू टाकली तर ३०-३५ किलो, त्यात दगड, लाकडाचा तुकडा, फिल्टर. सगळं मिळून सव्वादोनशे ते अडीचशे किलो. तुम्ही पाच मिनिटं बसलात आणि उठलात, हे वजन रात्रंदिवस तिथेच राहणार.

ए-६०२: बापरे, अडीचशे? दुकानात कोणी काही बोललंच नाही.

बी-३०४: बोलत नाहीत. म्हणून मी एवढं लिहितोय, कारण आमच्याकडे झालंय. आठेक वर्षं झाली. आमचा टँक तर याहून लहान होता, अडीच फुटी, नवीन कंप्युटर टेबलावर ठेवला होता. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचं टेबल, वरून गुळगुळीत लॅमिनेट, बघणाऱ्याला वाटावं लाकूडच आहे. पाणी बदलताना थेंब सांडायचे, आम्ही लगेच पुसायचो, पण मागच्या कडेची पट्टी जरा सुटली होती त्यातून पाणी आत झिरपत होतं. पाच महिन्यांनी ती कड फुगलेली दिसली, चहात बुडवलेल्या टोस्टसारखी, नखाने दाबली तर ओला भुसा हाताला आला. दोरी धरून बघितलं तर वरची फळी मधोमध ४ एमएम खाली गेलेली. म्हटलं रविवारी सुताराला बोलावू. शुक्रवारी पहाटे तीन वाजता तडकल्याचा आवाज आला, उठून बघतो तर टँकची खालची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेलेली आणि हॉलभर पाणी. चौदा मासे होते, बादलीत घेईपर्यंत पाच वाचले. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा, आठवडाभर नीट जेवला नाही.

बी-२०४: आम्हाला आठवतंय ती रात्र. आमच्या बेडरूमच्या पंख्याच्या रॉडवरून पाणी ठिबकत होतं, आधी मेन स्विच बंद केला आणि मग वर धावलो. तुम्ही भाऊजींनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन रंगाचं सगळं करून दिलंत, पण शॉक लागला असता तर काय, हा विचार अजून येतो. ताई, खरंच नीट बघून घ्या.

ए-६०२: काका, वहिनी, बरं झालं विचारलं. आमचं युनिट पण पार्टिकल बोर्डचंच निघालं, मागे पाहिलं आत्ता. मग घ्यायचं काय?

बी-३०४: माझं मत विचाराल तर लोखंडी स्टँड करून घ्या. फॅब्रिकेटरला सांगायचं दीड इंची चौकोनी पाइप, १६ गेज, आणि हे मुद्दाम सांगायचं की वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पायांना बाजूने वेल्ड करून लटकवलेली नको. वजन सरळ पायातून जमिनीत उतरलं पाहिजे, कुठल्याही जोडावर किंवा स्क्रूवर ते टांगलेलं नको. सगळ्याचं मूळ हेच आहे. मधे एक आडवी पट्टी, मागच्या बाजूला तिरका आडणा, म्हणजे स्टँड डावीउजवीकडे डुलत नाही. वेल्डिंगचे फुगवटे ग्राइंड करून घ्या, नाहीतर वरचा प्लाय सपाट बसत नाही. रेड ऑक्साइड आणि मग ऑइल पेंट, पाइपची उघडी तोंडं बंद करायला सांगा, आतून गंज तिथूनच सुरू होतो. वर १८ एमएम प्लाय आणि त्यावर थर्माकोलची शीट. पण टँकला खालून प्लॅस्टिकची फ्रेम असेल तर थर्माकोल नका घालू, त्या टँकचं वजन कडांवरच यायला हवं.

सी-४०१: लोखंड हॉलमध्ये बरं नाही दिसत हो. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकूड-प्लॅस्टिक मिश्रणाच्या बोर्डचं केलं तर? पाण्याने कुजत नाही म्हणतात.

बी-३०४: कुजत नाही हे खरं, पण सतत वजन असेल तर वाकतं आणि स्क्रू धरून ठेवण्यात पण प्लायएवढं पक्कं नाही. लोखंडी स्टँडला बाहेरून दारं लावायला वापरा, तिथे छान. सुताराकडूनच करायचं तर १८ किंवा १९ एमएमचा मरीन प्लाय घ्या, शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का स्वतः बघा. नुसतं वॉटरप्रूफ आहे म्हणाले तर ऐकू नका, आयएस ३०३ या साध्या प्लायच्या मानकात एमआर ग्रेड पण येतो आणि तो दमट हवेपुरता आहे, पाणी सांडण्यासाठी नाही. वरची फळी बाजूच्या फळ्यांवर ठेवलेली हवी, दोन फळ्यांच्या मधे स्क्रूने अडकवलेली नको. मधे एक उभी फळी, पाठीला पूर्ण प्लाय. कापलेल्या कडा सील करायच्या, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच, आमचं टेबल तिथूनच गेलं.

ए-५०१: सिव्हिलवाला म्हणून थोडं सांगतो. घराचा स्लॅब आयएस ८७५ प्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसं, सामान वगैरेंचं वजन) धरून डिझाइन करतात. तुमच्या टँकखाली अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेत अडीचशे किलो येतायत म्हणजे त्या जागेवर जास्त आहे, पण आजूबाजूला मोकळं असतं आणि स्लॅब तो भार पसरवून घेतो, त्यामुळे चांगल्या स्लॅबला घाबरायचं कारण नाही. फक्त खोलीच्या मधोमध ठेवू नका, ज्या भिंतीखाली बीम आहे तिला लावून ठेवा. बाहेर काढलेल्या बाल्कनीत अजिबात नको. आणि खालच्या घरात त्या जागी सिलिंगला भेग, गंजाचे डाग किंवा प्लास्टर सुटलेलं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मग बाकीचं. पायाखाली चपटी प्लेट आणि रबर द्या, टाइल नाण्याने ठोकून बघा, पोकळ वाजली तर तिथे पाय येऊ देऊ नका.

ए-५०२: आमचा धाकटा सगळीकडे चढतो, तुमच्याकडे खेळायला येतोच तो. स्टँड भिंतीला धरून ठेवता येईल का?

बी-३०४: येईल आणि ठेवाच. मागून दोन एल क्लॅम्प. उंची अडीच फुटांच्या वर नको, रुंदी टँकच्या बरोबरीची किंवा जास्त, टँकची कड बाहेर लोंबता कामा नये. चाकं अजिबात नकोत. एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडखाली जमिनीवर टाकू नका, बाजूच्या भिंतीवर वर लावा आणि प्रत्येक वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडतो. ईएलसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण पण एकदा दाबून बघा.

ए-६०२: ठरलं काका, लोखंडीच करते, वरून दारं लावून. आमचे हे उद्या फॅब्रिकेटरकडे जातायत, तुमचा मेसेज तसाच दाखवतील.

(पंधरा दिवसांनी)

ए-६०२: स्टँड आला. ए-५०१ दादांनी सांगितल्याप्रमाणे बीमच्या भिंतीला लावला, क्लॅम्प मारले. रिकामा असताना पाणसळ ठेवली तर बरोबर होतं. मग काल अर्धा टँक भरला आणि रात्रभर ठेवला, सकाळी पट्टीने मोजलं तर वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे ५ एमएमने वेगळं. आता काय करू? टँकखाली पाचर मारू का?

बी-३०४: नाही नाही, टँक आणि स्टँडच्या मधे काही सरकवायचं नाही, एका बिंदूवर दाब येऊन काच जाते. पाणी सगळं काढा, टँक उतरवा, क्लॅम्प ढिले करा, मग जी बाजू खाली आहे तिथल्या पायांखाली लोखंडी पट्टी घाला. भरलेला असताना हलवू नका अजिबात. संध्याकाळी मी येतो, दोघं-तिघं असलो की लवकर होईल.

बी-२०४: मी पण ह्यांना पाठवते.

ए-६०२: झालं 🙏 उजव्या दोन पायांखाली पट्टी घातली, परत अर्धा भरला, आता दोन्हीकडे सारखं. उद्या पूर्ण भरतो, फिल्टर चालू करतो, मासे सावकाश आणू. लेक तोपर्यंत शाळेतून आली की आधी पट्टी घेऊन चारही कोपऱ्यांत पाणी मोजते आणि वहीत लिहून ठेवते.