विहिरीत पोहणाऱ्याचा फोटो, खालचं अंग दिसतच नाही

कपाशीवाला: राजेहो, शेतातल्या विहिरीत चुलतभाऊ पोहते त्याचे फोटो काढून रायलो, मले पाण्यात अंग कसं वाकडं, तुटल्यावानी दिसते ना ते पाह्यजे, पण पाण्यावर आभाळच चमकते. काय करू?

रानपाखरू: पोलरायझर लाव भाऊ, म्हणजे लेन्सवर लावाचा, पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर. पण सरळ वरून काढशील तर घंटा फरक नाही पडत, पाण्याच्या पातळीपासून साधारण ३७ अंशावर कॅमेरा धर. फिल्टरची रिंग हळूहळू फिरव, आभाळ गायब होते अन् पायाची बोटं दिसाले लागतात. उजेड दीड-दोन स्टॉप खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड अर्धा), मंग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडाची सेटिंग, वाढव.

जुना_रोल: फोटोग्राफर आंद्रे केर्तेसचा १९१७ चा फोटो पाह्य, हंगेरीतल्या एस्टरगोमचा. पाण्याखाली पोहणारा माणूस, अंगावर नुसत्या उजेडाच्या लाटा. तुले हेच पाह्यजे न? मंग पाणी थोडं हलू दे, एकदम थांबलं की मजा जाते.

बांधावरचा: खोल विहिरीत ऊन दुपारीच उतरते, तवाच काढ. अन् कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाल बाप्पा, कठड्यावर वाकशील तं.

कपाशीवाला: पोलरायझर अमरावतीले भेटन का? कॅमेऱ्यासंग आलेल्या किट लेन्सवर ५५ एमएम लिहेल हाय.

रानपाखरू: भेटन. सर्क्युलर प्रकारचा पोलरायझर माग.