पुण्याचा मित्र, दोन दिवस आणि एक गाडी : नागपूरच्या आसपासचा भोसल्यांच्या आधीचा इतिहास कसा पाहावा?

धरमपेठकर (प्रश्न)

सर्व जाणकारांस नमस्कार. माझा महाविद्यालयातील एक जुना मित्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून येणार असून शनिवार आणि रविवार असे दोन दिवस आम्ही दोघे माझ्या गाडीने फिरणार आहोत. गेली तीस वर्षे तो सह्याद्रीतले किल्ले चढतो आहे, आणि "तुमच्याकडे वाघ आहेत हे मान्य, पण गड कुठे आहेत?" हा त्याचा नेहमीचा टोमणा आहे. मी जन्माने नागपूरकर असलो तरी रामटेकला आजवर केवळ दर्शनासाठी गेलो आणि चंद्रपूरला लग्नकार्यापुरता, त्यामुळे त्याला नीट उत्तर देता आलेले नाही.

माझा कच्चा बेत असा आहे की, शनिवारी रामटेक, मनसर, नगरधन आणि पवनी पाहून मुक्कामाला घरी यावे, आणि रविवारी पहाटे निघून भद्रावती, चंद्रपूर व मार्कंडा करून रात्री परतावे. हे सारे दोन दिवसांत बसेल काय? बसणार नसेल तर काय गाळावे? गाविलगड कृपया सुचवू नये, कारण त्या एका किल्ल्याच्या येण्याजाण्यातच दोन्ही दिवस संपतील.

जुनापाणी

बसणार नाही. बसवलेत तरी तुमच्या मित्राला गाडीच्या काचेतून दिसेल तेवढाच विदर्भ दिसेल.

त्याच्या टोमण्याचे उत्तर उंचीत शोधू नका, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडचा जुना इतिहास बहुतांशी टेकाडांखाली, भुईकोटांत आणि नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागांत, आहे, आणि तेथे काय गाडलेले आहे हे आधी ठाऊक नसेल तर समोर विटांचा ढीग आणि बाभळीच पाहायला मिळतात. म्हणून शनिवारी सकाळी सर्वप्रथम अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जावे. हे संग्रहालय 1863 सालचे आहे आणि त्याच्या पुरातत्त्व दालनात तास-दीड तास घालवला की पुढची टेकाडे बोलू लागतात.

त्यानंतर रामटेक, सुमारे 50 किलोमीटर. कालिदास स्मारकाविषयी सर्वांनाच माहिती असल्यामुळे लिहीत नाही; गडावर मात्र मुख्य मंदिराकडे धावत सुटण्याआधी वाटेवरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरे पाहावीत. वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमाराची ही मंदिरे बाहेरून इतकी साधी आहेत की भाविक त्यांच्यावरून सरळ पुढे जातात. आत बसलेल्या नरसिंहाची भव्य मूर्ती आहे, आणि केवल नरसिंहाच्या भिंतीतील शिलालेख प्रभावतीगुप्तेच्या कुटुंबाशी निगडित आहे.

ही प्रभावतीगुप्ता गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन, अकाली वारल्यावर तिने अज्ञान मुलांच्या नावाने राज्य चालवले, आणि तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन, रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर. येथे तुमच्या मित्रासाठी एक गंमत राखून ठेवा. अभ्यासक ज्याला 'पुण्याचा ताम्रपट' म्हणतात तो तिचा दानलेख पुण्यात मिळाला म्हणून त्याला ते नाव पडले. प्रत्यक्षात तो नंदिवर्धनहून दिला गेला होता, आणि त्यात वंशावळ सासरची न देता माहेरची, गुप्तांची, दिलेली आहे. काही वर्षांपूर्वी नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. आज दिसणारा भुईकोट बराच नंतरचा, भोसलेकाळातला असला तरी तुम्ही उभे असाल ती जमीन तिच्या राजधानीची असेल. किल्ल्याच्या आतील विहिरीत, जमिनीच्या पातळीखाली, देवीचे ठाणे आहे, ते चुकवू नका.

मनसरची हिडिंबा टेकडी रामटेकहून परतताना महामार्गालगत लागते. विटांचे ते प्रचंड बांधकाम वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे मानले जाते, आणि तेथे सापडलेली सुप्रसिद्ध शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ऊन कलताना टेकडीवर चढलात तर विटांचे थर फार स्पष्ट दिसतात. एवढ्यात शनिवार संपतो, पवनीला वेळच उरत नाही.

वैनगंगाकाठ

जुनापाणी यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, मात्र पवनी इतक्या सहज गाळली जाते याचे वाईट वाटते. उमरेड-भिवापूर मार्गे गेल्यास वैनगंगेच्या काठी हे गाव लागते. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले, आणि जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला. वाकाटकांच्याही कितीतरी आधीचे हे नगर आहे, त्यामुळे 'भोसल्यांच्या आधीचा' म्हणताना आपण किती आधी जायचे हे एकदा ठरवा.

एक व्यवहारातली सूचना करतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा "स्तूप कुठे आहे?" असे चार जणांना विचारले आणि चौघांनी चार दिशा दाखवल्या, पाचव्याला "जगन्नाथ टेकडी" म्हटले तर तो सायकल घेऊन पुढे निघाला. पुस्तकातले नाव गावात चालतेच असे नाही, टेकडीचे नाव मात्र सर्वांना ठाऊक असते.

जटपुरा_गेट

रविवारविषयी लिहितो, कारण माझे घर चंद्रपूरच्या परकोटाच्या, म्हणजे शहराभोवतीच्या तटाच्या, आतच आहे.

मार्कंडा गाळा. मंदिरे फार सुंदर आहेत, वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी होते, पण ते ठिकाण गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. बुटीबोरी, जाम, वरोरा या रस्त्याने निघून पहिला थांबा भद्रावतीला घ्यावा. तेथील विजासन लेणे लहान असले तरी त्याची रचना लक्षात राहते : डोंगरात सरळ आत गेलेले एक लांब दालन, त्याच्या टोकाशी अंधारात बसलेले बुद्ध, आणि दोन्ही बाजूंना तशीच दालने. विजेरी सोबत असू द्या.

चंद्रपुरात तुमच्या मित्राला हवा तो किल्ला मिळेल, फक्त तो चढायचा नसून त्याच्यातून ये-जा करायची आहे. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे, आहेत, आणि शहर आजही या दरवाजांतूनच वाहते. कमानीखालून रिक्षा, भाजीच्या हातगाड्या आणि लग्नाच्या वराती जातात, वर मात्र हत्तीवर स्वार झालेला सिंह, हे गोंड राजचिन्ह, दगडात तसेच आहे. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील बीरशाहची समाधी राणी हिराईने बांधवली. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या तुलनेत आमच्या परकोटाकडे दुर्लक्ष झाले हे खरे. तरीही स्थानिक तरुणांनी मेहनतीने झाडोरा काढून बुरुज मोकळे केले आहेत आणि काही भागांत तटावरून चालता येते. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी हा कोट फोडला, ती हकिगत तटावर उभे राहूनच सांगावी.

धरमपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मार्कंडा आणि पवनी गाळली आहेत. वैनगंगाकाठ यांनी रागावू नये. मित्र पुन्हा आला की पहिला दिवस पवनीचाच. 'पुण्याचा ताम्रपट' मी मुद्दाम नगरधनच्या विहिरीपाशी पोहोचेपर्यंत पोटात ठेवणार आहे. शेवटची एक शंका : मित्र शुक्रवारी दुपारीच पोहोचतो आहे, तर त्या संध्याकाळी शहरात सीताबर्डीचा किल्ला दाखवता येईल काय?

जुनापाणी

येणार नाही. तो सैन्याच्या ताब्यात आहे आणि सामान्यांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या दिवशीच उघडतो. त्याऐवजी काटोल रस्त्याने शहराबाहेर थोडे पुढे जाऊन जुनापाणीची शिळावर्तुळे पाहा. लोहयुगातील माणसांनी आपल्या मृतांभोवती रचलेले काळ्या दगडांचे शेकडो फेर तेथे माळावर आहेत, आणि माझे येथील नावही त्यावरूनच घेतलेले आहे. मात्र सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा, कारण अंधार पडल्यावर वर्तुळ कोणते आणि नुसते दगड कोणते, हे मलाही सांगता येत नाही.