गल्लीतील ओला कचरा एकत्र गोळा करून त्याचे खत करावे, की ज्याने त्याने तो आपल्याच आवारात जिरवावा?

मूळ धागा – गच्चीबाग

कोथरूडमधील आमच्या गल्लीत तीन-चार मजली अशा नऊ जुन्या इमारती असून त्यांत मिळून सुमारे १३० सदनिका आहेत. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवले आणि ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारात जिरवण्याची जबाबदारी मोठ्या गृहसंकुलांवर टाकली. आमच्या इमारतीत १६ सदनिका आहेत. फेब्रुवारीत आम्ही आठवडाभर ताणकाट्यावर मोजले, तेव्हा ओला कचरा रोज ९ ते १२ किलो भरला. म्हणजे या रेषेच्या आत आम्ही कधीच येणार नाही, आमच्या शेजारची इमारतही येणार नाही, आणि पुण्याच्या जुन्या भागांत तर अशाच इमारती गल्लोगल्ली आहेत.

आम्ही २०१९ साली स्वतःहून पार्किंगच्या मागे विटांचा एक हौद बांधला होता. उन्हाळाभर तो चांगला चालला. जुलैत पालापाचोळा संपला, खालचा थर लगदा होऊन आंबला, हौदाच्या कडेने काळे पाणी गळू लागले आणि ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत तो बंद करण्याचा ठराव झाला. त्या वेळी मी याला लोकांचा निरुत्साह समजत होतो. पुढे वाचन वाढले आणि काही चालणारे प्रकल्प पाहिले, तेव्हा लक्षात आले की आमचा ढीगच लहान होता. साधारण घनमीटरभर आकार असल्याशिवाय ढिगात उष्णता टिकत नाही, आणि ५५ अंशांच्या वरचे तापमान काही दिवस सलग राहिल्याशिवाय रोगजंतू आणि तणांचे बी मरत नाही. रोजच्या दहा किलोंत तो ढीग धरत नाही; नऊ इमारतींचे ऐंशी-नव्वद किलो एकत्र आले, तर तो आठवड्याभरात तापतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की गल्लीतील सर्व ओला कचरा रोज सकाळी एकत्र गोळा करावा, गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या कोपऱ्यात, महापालिकेची परवानगी घेऊन, जाळीच्या चार हौदांत तो पालापाचोळ्याबरोबर थरावर थर घालावा, आणि हे काम सध्या आपल्या दारी येणाऱ्या कचरावेचक ताईंना वेगळा मोबदला देऊन सोपवावे. खत गल्लीतील बागांनी वापरावे आणि उरलेले कुंड्यांसाठी वाटावे. यावर आपली मते मांडावीत, विशेषतः ज्यांना हे पटत नाही त्यांनी.

प्रतिसाद १ – जमाखर्च

मला हे पटत नाही, आणि त्याची कारणे मी आमच्या सोसायटीच्या खजिनदारपदाच्या सात वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जबाबदारी. आमच्या आवारात गच्चीवर छिद्रांच्या टोपल्या आहेत, प्रत्येक मजल्याची एक. तिसऱ्या मजल्याच्या टोपलीत डायपर निघाला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या चार घरांशी बोलता येते, आणि एकदा बोलल्यावर तो पुन्हा निघत नाही. १३० घरांचा कचरा एका हौदात पडला की तो कोणाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा घ्या. नखाएवढा तुकडा असतो तो, भाजीच्या देठांत मिसळला की दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी खत चाळताना तसाच निळा-पांढरा वर येतो. आपल्या घरात तो कोपरा पूर्ण कापून न टाकता लोंबता ठेवायची सवय लावता येते. परक्याच्या हौदासाठी ही सवय कोणी लावून घेत नाही.

दुसरी गोष्ट जागेची आहे. गल्लीच्या टोकाच्या कोपऱ्यात म्हणताना धागालेखकांनी त्या कोपऱ्याला लागून कोणाच्या खिडक्या आहेत, याचा उल्लेख केलेला नाही. सगळ्यांचा कचरा एकाच्या भिंतीशी नेऊन ठेवायचा, हा प्रश्न सोडवणे नसून सरकवणे आहे.

तापमानाच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणतो की खत व्हायला ढीग तापलाच पाहिजे असे नाही. गांडुळांना तर ती उष्णता सोसतच नाही. लहान टोपलीत थंडपणे, सावकाश, पण व्यवस्थित खत होते. आम्ही ते दरवर्षी करतो. शिवाय गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंधारण असे प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. ती मिळते स्वतःच्या आवारातील प्रकल्पाला. सामाईक कोपऱ्यातील हौदाच्या नावावर नऊ इमारतींनी ती कशी मागायची?

प्रतिसाद २ – फुरसुंगीकर

भिंतीच्या आणि खिडक्यांच्या मुद्द्यावर बोलल्यावाचून राहवत नाही.

कोथरूडला पूर्वी स्वतःचा कचरा डेपो होता. वनाजजवळच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे, आणि शहराचा कचरा आमच्या फुरसुंगीशेजारी उरुळी देवाचीच्या कचरा डेपोत आला. आमच्याकडच्या विहिरींचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही, उन्हाळ्यात ढीग पेटून दिवसेंदिवस धुमसत राहिले, गावांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या आणि आंदोलने केली. ओला कचरा हवेशिवाय दाबून ठेवला की त्यातून मिथेन निघतो आणि तोच पेट घेतो, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही.

तेव्हा ऐंशी किलोंच्या हौदाचा वास कोणाच्या खिडकीत जाईल, हा प्रश्न जरूर विचारावा. पण तो वास आजही कोणाच्या तरी खिडकीत जातच आहे, हे धरून विचारावा. गच्चीवरच्या टोपल्या असोत की गल्लीचा हौद, मला दोन्ही चालतील. ज्या सोळा घरांच्या इमारतीत दोन्हींपैकी काहीच नाही, तिचे काय करायचे, याचे उत्तर जमाखर्च यांच्या प्रतिसादात मला सापडले नाही.

प्रतिसाद ३ – ढकलगाडी

मी कचरावेचक महिलांबरोबर काम करते, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते आहे.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, जिचे सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. त्यांची कमाई दोन ठिकाणांहून येते. प्रत्येक घराने महिन्याला द्यायचे शुल्क ही एक, आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेला कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक विकून मिळणारी रक्कम ही दुसरी. ओल्या कचऱ्यातून त्यांना काहीच मिळत नाही. तो फक्त वाहून न्यायचा असतो, आणि सगळ्यांत जड तोच असतो.

आता दृश्य असे असते. सकाळी नऊच्या सुमारास ताई चौथ्या मजल्यावरून दोन बादल्या घेऊन जिना उतरते. खाली गाडीपाशी एक बादली उपडी करते, हाताने पसरते, त्यातून काचेचा तुकडा, सॅनिटरी पॅड, औषधाची रिकामी पाकिटे बाजूला काढते आणि मग उरलेले मोठ्या पिंपात ओतते. हातमोजे असतात, पण ओले झाले की पकड सुटते, म्हणून बहुतेक जणी उजव्या हातातला काढून ठेवतात. खत करायचे ठरले, तर हेच वेचणे आजच्या दुप्पट काटेकोर करावे लागेल, कारण घंटागाडीत चालून जाणारी चूक खतात चालत नाही.

गच्चीबाग यांनी वेगळा मोबदला म्हटले, त्याबद्दल त्यांचे आभार. परंतु तो किती, कोण देणार आणि कोणत्या तारखेला देणार, हे आधी कागदावर यावे. थर लावणे, पंधरा दिवसांनी ढीग उलटवणे, मुठीत दाबून ओल पाहणे (पिळलेल्या फडक्याइतका ओलावा हवा, थेंब गळता कामा नये) आणि शेवटी चाळणे हे कसबाचे काम आहे. ते वाहतुकीच्या शुल्कात फुकट गृहीत धरले, तर ती वेठ होईल. सुक्या कचऱ्यावरचा त्यांचा हक्क या व्यवस्थेत कुठेही कमी होता कामा नये, ही माझी दुसरी अट आहे. या दोन अटी मान्य असतील, तर मी प्रस्तावाच्या बाजूने आहे, कारण जिच्या हाती खत तयार होते तिला सोसायटीत कचरेवाली म्हणून हाक मारणे लोक हळूहळू सोडतात. हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे.

प्रतिसाद ४ – पुरंदरचा शेतकरी

खताच्या दर्जाबद्दल कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. माझा विरोध कल्पनेला नाही, घाईला आहे.

मला एका ओळखीच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी ट्रॉलीभर खत फुकट दिले. वरून काळे, भुसभुशीत दिसत होते. वाफ्यात टाकले तर मेथी पंधरा दिवसांत पिवळी पडली. खत कच्चे होते. ते कुजण्याचे उरलेले काम जमिनीत करत होते आणि त्यासाठी लागणारे नत्र जमिनीतूनच ओढून घेत होते. कुजवायला घेताना कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते, आणि तयार शहरी खतात ते २० ला १ च्या खाली आलेले असावे, असे खत नियंत्रण आदेशाचे मानक आहे. त्याच आदेशात शिशासारख्या जड धातूंची मर्यादाही घातलेली आहे. घरच्या भाजीच्या कचऱ्यात शिसे कुठून येणार, असे वाटेल. पण हौदात झाडलोट, रंगाचे पोपडे आणि बॅटरीचे सेल पडू लागले की येते. गणेशोत्सवातले निर्माल्य तर आधी सोडवूनच घ्यावे, कारण हारांतले नायलॉनचे दोरे आणि कापडी फुले वर्षानुवर्षे तशीच राहतात.

पाण्यात भिजवलेल्या खतात मेथी किंवा मोहरी पेरून पाहावी. आठवड्यात नीट उगवली, तरच ते बाहेर द्यावे. ही परीक्षा फुकटात होते आणि ती टाळणाऱ्याचे खत मी पुन्हा घेणार नाही.

प्रतिसाद ५ – गच्चीबाग (धागालेखक)

सर्वांचे म्हणणे मी दोनदा वाचले. काही बाबतींत माझा प्रस्ताव अपुरा होता, हे मान्य करतो.

जमाखर्च यांचा ओळखीचा मुद्दा बिनतोड आहे. त्यामुळे नऊ इमारतींच्या नऊ बादल्या रंगाने आणि क्रमांकाने वेगळ्या ठेवाव्यात, त्या हौदाशीच उपड्या कराव्यात आणि ज्या बादलीत प्लॅस्टिक किंवा डायपर निघेल ती त्या दिवशी तशीच परत इमारतीच्या दाराशी यावी, असे मी सुचवतो. मजल्याइतकी नेमकी ओळख यातून पटणार नाही, परंतु सोळा घरांत बोलणे १३० घरांत बोलण्यापेक्षा सोपे आहे. ज्यांच्या गच्चीवर टोपल्या चालू आहेत, त्यांनी त्या चालूच ठेवाव्यात. कोणाचीही चालती व्यवस्था मोडून हौद भरायचा नाही.

खिडक्यांबद्दल सांगायचे, तर त्या कोपऱ्याला लागून जी इमारत आहे ती आमचीच आहे आणि सर्वांत जवळची खिडकी माझ्या स्वयंपाकघराची आहे. हे मी आधीच लिहायला हवे होते.

मोबदल्याचा हिशेब महिन्याच्या पाच तारखेला, प्रत्येक इमारतीच्या देखभाल खर्चातून, असा लेखी करार करून करावा; रक्कम ताईंशी बसून ठरवावी, आपसांत नव्हे. पेरणीची परीक्षा प्रत्येक हौदाला सक्तीची करू.

प्रतिसाद ६ – जमाखर्च

खिडकी आपली आहे हे वाचून माझा एक आक्षेप मी मागे घेतो. बाकीचे घेत नाही. परत आलेली बादली पहिल्या पावसाळ्यात दाराशी चार तास पडून राहील आणि मग रहिवासी त्या ताईंशीच भांडतील. समितीशी कोणी भांडणार नाही. बादली परत नेण्याचे काम म्हणूनच त्यांच्याकडे नसावे. ते इमारतीच्या सचिवाने स्वतः करावे, निदान पहिले सहा महिने. हे मान्य होत असेल तर आमच्या सोसायटीतली जी पाच घरे टोपलीत कचरा टाकत नाहीत, त्यांची बादली मी हौदाकडे पाठवीन आणि त्यांचा वाटा भरायला सभेत सांगेन.

प्रतिसाद ७ – ढकलगाडी

सचिवांनी बादली न्यावी, ही सूचना आजवर मी कोणाकडून ऐकली नव्हती. ती करारात लिहून घ्यावी.

आणखी एक. पानगळ आता सुरू आहे आणि झाडू मारणारे रोज सकाळी पोतीच्या पोती पाला गोळा करून घंटागाडीत देतात, काही जण आडोशाला पेटवतातही. ओला कचरा वर्षभर सारखाच येतो, पाला मात्र फक्त आता आहे. रोजच्या ऐंशी किलोंवर अंदाजे निम्म्या वजनाचा कोरडा पाला धरला, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी किती पोती लागतील आणि ती कोणाच्या जिन्याखाली कोरडी राहतील, एवढे या आठवड्यात ठरवा. परवानगी मेपर्यंत आली तरी चालेल, पाला तोपर्यंत थांबणार नाही.

प्रतिसाद ८ – गच्चीबाग (धागालेखक)

आमच्या जिन्याखाली चाळीस पोती मावतात. रविवारी सकाळी सातला झाडूवाल्या काकांशी बोलून सुरुवात करतो. शिवणीची रिकामी पोती कोणाकडे असतील तर कळवावे.